शेवटच्या पानावरची ओळ

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पक्षानं विधानसभेच्या तिकिटाचं विचारलंय आणि साप्ताहिक बंद करून उतरावं की चालू ठेवून, असा पेच तुला पडलाय. शिरोळकडचे कार्यकर्ते म्हणत असतील, पेपर हाताशी आहे म्हणून तर तुझं नाव पुढं आलं, तो कशाला सोडतेस. आणि कोल्हापुरातले आमच्या पिढीचे पत्रकार म्हणत असतील, संपादकानं निवडणुकीला उभं राहणं म्हणजे पंचानंच लंगोट लावून आखाड्यात उतरणं. वाक्य झकास आहे. पण मराठी वर्तमानपत्रांचा इतिहास बघितला तर त्यात तथ्य कमी आहे. आपल्याकडं पंच पहिल्यापासून आखाड्यातच होते.

टिळक १८९५ साली मुंबई प्रांताच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, १८९७ साली पुन्हा गेले, आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. 'केसरी'चे न. चिं. केळकर १९२३ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात गेले. बाबासाहेब फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कौन्सिलात नियुक्त सदस्य म्हणून बसले आणि ३ एप्रिलला त्यांचं 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. आपल्या कोल्हापुरात खंडेराव बागलांचा 'हंटर' होता, त्यांचे चिरंजीव भाई माधवराव बागल 'अखंड भारत' चालवत आणि १९३९ साली तुझ्याच जयसिंगपुरात प्रजा परिषद उभी करत. तेव्हा संपादकानं राजकारण करावं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. तू ते आजही करतेसच. ऊस परिषदेच्या आदल्या आठवड्याचा तुझा अग्रलेख मी वाचलाय, त्यात राजकारण नव्हतं असं कोणी म्हणेल का?

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. ती तुला कोणी सांगणार नाही, कारण ज्यांना ती कळते त्यांची ती सोय आहे.

तुझ्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखान्याचा पत्ता. कोणी वाचत नाही. पण अंकातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्या ओळीतल्या नावावर असते. वर्तमानपत्रांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा आला, १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तरी हे बदललं नाही. कोणाची बदनामी झाली तर नोटीस त्या नावाला येते. दिवाणी दावा वेगळा, फौजदारी वेगळी. फौजदारी बदनामीचं कलम राहू द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलंय.

आता तू आमदार झालीस असं समज. सभागृहात उभी राहिलीस, एखाद्या कारखान्याच्या अध्यक्षावर तिथं आरोप केलास. संविधानाच्या १९४ व्या अनुच्छेदाप्रमाणं त्या बोलण्याबद्दल तुझ्यावर कुठल्याही कोर्टात कारवाई होऊ शकत नाही. आरोप करण्याआधी अध्यक्षांना नोटीस द्यावी लागते वगैरे नियम आहेत, पण ते सभागृहाचे अंतर्गत. २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एवढं स्पष्ट केलं की लाच घेऊन केलेल्या भाषणाला किंवा मतदानाला हे कवच नाही. बाकी कवच शाबूत आहे, आणि ते असायलाच हवं. नाहीतर मंत्र्याविरुद्ध तोंड उघडायची कोणाची छाती होईल?

आणि इथंच संपादक-आमदाराला मोह होतो. जी गोष्ट अंकात छापायला तुझ्याकडं पुराव्याचा कागद नाही, ती तू सभागृहात बोलायचीस आणि पुढच्या गुरुवारी 'आमदारांचा विधानसभेत सवाल' म्हणून आपल्याच पेपरात छापायचीस. सभागृहाच्या कामकाजाचा बराचसा खरा वृत्तांत, मनात खुन्नस न ठेवता छापला तर ३६१-अ अनुच्छेद वर्तमानपत्राला संरक्षण देतो. म्हणजे बोलायला एक कवच, छापायला दुसरं. शेवटच्या पानावरच्या ओळीतली जबाबदारी गायब! पत्रकार कक्षात बसून हा प्रयोग मी बघितलाय, आणि तो बघताना समोरच्या बाकावरचे लोकही कौतुकानं हसत असतात, कारण उद्या त्यांना तोच करायचा असतो.

(हे संरक्षण फुकट मिळालेलं नाही, हेही ध्यानात असू दे. १९५६ साली फिरोज गांधींनी खासगी विधेयक आणून संसदेच्या वृत्तांकनाला कायद्याचं संरक्षण मिळवून दिलं. ते स्वतः 'नॅशनल हेराल्ड'चा कारभार बघितलेले. तो कायदा आणीबाणीत त्यांच्याच पत्नीच्या सरकारनं रद्द केला, १९७७ ला तो परत आला आणि पुढं घटनेतच ही तरतूद घातली गेली. मधल्या काळात, १९५८ साली, कामकाजातून काढून टाकलेला मजकूर छापला म्हणून पाटण्याच्या 'सर्चलाइट'च्या संपादकावर हक्कभंगाची नोटीस निघाली आणि सर्वोच्च न्यायालयानं सभागृहाची बाजू उचलून धरली. तेव्हा अध्यक्षांनी जे काढलं ते छापायचं नाही, स्वतःचं वाक्य असलं तरी.)

हा मोह का टाळायचा, ते कोल्हापूरकर म्हणून तुला बर्वे प्रकरणावरून कळायला पाहिजे. शाळेत आपल्याला त्यातलं फक्त 'टिळक-आगरकरांचा पहिला तुरुंगवास' एवढंच शिकवतात. आधी काय झालं ते नीट बघ. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते, त्यांना वेडं ठरवून देखरेखीखाली ठेवलं होतं, कारभार दिवाण माधवराव बर्वे बघत होते. महाराजांचा छळ होतोय अशी कुजबुज पुण्यापर्यंत गेली. 'केसरी' आणि 'मराठा' निघून वर्ष झालं होतं. 'केसरी' आगरकर बघायचे, 'मराठा' टिळक. दोघंही पंचविशीतले, म्हणजे तुझ्याहून लहान. त्यांच्या हाती बर्व्यांच्या नावाची काही पत्रं आली, त्यांच्या आधारावर त्यांनी बर्व्यांवर जळजळीत लिहिलं. बर्व्यांनी फिर्याद केली. कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. खटल्यात त्यांना दहा हजारांचा जामीन मिळाला तो जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून, रामशेठ उरवणे यांच्याकडून. विचारांनी एवढं अंतर असताना! आपल्या जिल्ह्यातलं आजचं गटातटाचं राजकारण बघितलं की मला हा जामीन हटकून आठवतो.

पुढं काय झालं? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या शिपायाच्या पहाऱ्यात, महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे काळजी रास्त होती, कागद मात्र खोटे होते.

आता कल्पना कर, १८८२ साली टिळकांना आजच्या आमदाराचं कवच असतं. ती पत्रं त्यांनी सभागृहात वाचून दाखवली असती, टेबलावर ठेवली असती, दुसऱ्या दिवशी 'मराठा'त वृत्तांत आला असता. शिक्षा झाली नसती. पण पत्रं बनावट आहेत हे तरी कोणाला कळलं असतं? साक्षीपुरावा झाला म्हणून ते उघड झालं. नाहीतर ती खोटी पत्रं आजही कोल्हापूरच्या इतिहासाचा आधार म्हणून फिरत राहिली असती आणि महाराजांच्या खऱ्या हालांवर त्यांची सावली पडली असती. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अंकात छापायला जेवढा पुरावा तू मागशील तेवढाच सभागृहात बोलायला माग. कमी नको. आपल्याकडं आव्हान देताना 'बिंदू चौकात ये' म्हणतात ना, तसं सभागृहातलं प्रत्येक वाक्य बिंदू चौकात, कवचाशिवाय, माइकवर बोलता येईल का ते स्वतःला विचार. येत नसेल तर ते वाक्य खोडून टाक.

हे ऐकून आमदारकी बेचव वाटेल. तशी ती नाही. चांगल्या संपादकाला सभागृहात एक हत्यार मिळतं आणि बहुतेक आमदारांना ते वापरता येत नाही. ते म्हणजे तारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. तू प्रश्नोत्तरांची यादी वाचली असशील. छापाचे गणपती असावेत तसे सगळे एका साच्यातले असतात: 'अमुक निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तरही साच्यातलं: 'हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही.'

समज, तुला पंचगंगेचं विचारायचंय. सवयीचा आमदार असं लिहून देतो: 'पंचगंगा नदी मोठ्या प्रमाणावर प्रदूषित झाली असून प्रशासनाचे त्याकडे दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय?' उत्तर येणार 'हे खरे नाही', आणि मंत्री खाली बसणार. मोठ्या प्रमाणावर म्हणजे किती, दुर्लक्ष म्हणजे काय, कोणी मोजणार नाही. आता तू असं लिही: 'तेरवाड बंधाऱ्याजवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाने अमुक तारखेस घेतलेल्या पाण्याच्या नमुन्याचा अहवाल शासनास प्राप्त झाला आहे काय, असल्यास, त्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण किती आढळले, त्या अहवालावरून कोणत्या उद्योगास किंवा स्थानिक संस्थेस, कोणत्या तारखेस नोटीस देण्यात आली?' याला 'अंशतः खरे' म्हणता येत नाही. तारीख द्यावी लागते, आकडा द्यावा लागतो, नाव द्यावं लागतं. एकदा लेखी उत्तर आलं की तो सरकारी कागद झाला. तो तुझ्या पेपरालाच काय, गडहिंग्लजपासून मुंबईपर्यंत कुठल्याही पेपराला वापरता येतो. कधी, कुठं, कोण, किती, हे चार शब्द आम्ही पोरांना बातमी लिहायला शिकवताना रोज घोकून घेत होतो. तेच तिथं लागतात.

आणि 'अंशतः खरे' आलंच, तर उपप्रश्नाला उभी राहा आणि विचार, कोणता अंश? एवढंच. पाच मिनिटांचं भाषण करू नकोस. भाषण केलंस की मंत्र्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि अध्यक्ष पुढचा प्रश्न पुकारतात.

२०१२ साली इचलकरंजीत कावीळ पसरली तेव्हा दूषित पाण्याच्या बातम्या सगळ्यांनी दिल्या. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, हे शाळकरी पोरांनाही पाठ झालं. पण पूर ओसरला की बातमी ओसरते. पेपरानं तो विषय पुन्हा काढला तर लोक म्हणतात, परत तेच? सभागृहाला मात्र 'परत तेच' चालतं. मागच्या अधिवेशनात दिलेलं आश्वासन कुठवर आलं हे विचारायचा तुला हक्क असतो, आश्वासनांसाठी तिथं समितीही असते. पेपरवाल्याची नजर आणि आमदाराचा चिवटपणा एकत्र आला तर काय होऊ शकतं, ते बाबासाहेबांकडं बघ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, लोक चालत तळ्यावर गेले तेव्हा. आणि त्यानंतर जो कल्लोळ उठला त्याला उत्तर द्यायला दोन आठवड्यांत 'बहिष्कृत भारत' निघालं. ठराव, चवदार तळं आणि छापील कागद, तिन्ही लागले. पुढं महार वतनाचं (गावकीच्या पिढीजात चाकरीचं) विधेयक १९२८ ला, खोती म्हणजे कोकणातली जमीनदारी रद्द करण्याचं १९३७ ला, तेही याच माणसानं आणलं. तुला सभागृहात जायचंच असेल तर हा नमुना डोळ्यासमोर ठेव. बाकीचे नमुने तुला मतदारसंघात रोज भेटतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुझं साप्ताहिक चालतं जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसांवर, पतसंस्थांच्या दिवाळी शुभेच्छांवर आणि अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिरातीवर. आमदार झालीस की जाहिराती वाढतील. मागावं लागणार नाही, अधिकारी आणि ठेकेदार आपणहून पाठवतील. तेव्हाच सांभाळ. पैसे कोणाचे यापेक्षा ते घेऊन काय छापलं ते बघतात. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पण म्हणून ते पाक्षिक दरबारची बखर झालं नाही, आणि महाराजांनीही तशी अपेक्षा धरली नाही. दोनच महिन्यांत माणगावच्या परिषदेत येऊन त्यांनी, हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. (त्याच 'मूकनायक'ची जाहिरात रोख पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. वर टिळकांचं एवढं सांगितलं म्हणून हेही सांगून ठेवतो.) असे देणारे तुला आज मिळणार नाहीत असं धरून चाल.

मग पेपराचं काय करायचं? बंद करू नकोस. मालकी तुझ्याकडं राहू दे, लपवू नकोस, पहिल्या पानावर छाप की या साप्ताहिकाच्या मालक निवडणूक लढवत आहेत. पण अर्ज भरायच्या आधी संपादक म्हणून दुसरं नाव लाव. नवऱ्याचं, भावाचं किंवा चुलत दिराचं नको. तुझ्याकडची ती मुद्रितशोधन करणारी मुलगी, जी तुझ्या अग्रलेखातल्या चुका काढते आणि तू चिडतेस, तिचं लाव. तुझी बातमी कुठल्या पानावर, किती कॉलम, हे तिनं ठरवायचं. विरोधी उमेदवाराच्या सभेला तिनं वार्ताहर पाठवायचा. तू लिहायचंस ते नावानिशी, एका सदरात. पक्षातले लोक म्हणतील, घरचा पेपर असून आपली सभा तिसऱ्या पानावर? म्हणू देत. आणि तुझ्या पराभवाची बातमी द्यायची वेळ आली तर ती तिनं नीट दिली पाहिजे, मतांच्या आकड्यासकट.

उमेदवारी अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्रात तुझ्यावरचे प्रलंबित खटले लिहावे लागतील. संपादकाच्या नावावर बदनामीच्या दोन-चार केसेस असतातच, विरोधक त्याचे फलक लावतील. बिचकू नकोस, सगळ्या लिही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आलंय, निदान तारखेला मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

राहिलं आमदाराचं रोजचं जगणं. लोक तुला विधेयकाचं विचारणार नाहीत. सकाळी सात वाजता दारात माणसं असतील: बदली, ट्रान्सफॉर्मर, दवाखान्याचं बिल, पोराला प्रवेश. मग तीन ठिकाणी रक्षाविसर्जन, दोन लग्नं, एक तालमीचा कार्यक्रम. रक्षाविसर्जनाला नाही गेलीस तर पाच वर्षं लक्षात ठेवतात. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबई, हिवाळ्यात महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर. या सगळ्यात वाचायला वेळ कधी? गाडीत. मी ज्या दोन-तीन आमदारांना खरोखर मानायचो ते सगळे रात्रीच्या गाडीत अर्थसंकल्पाची पुस्तकं उघडून बसायचे. बाकीचे झोपायचे, आणि त्यांनाही मी दोष देत नाही, दिवस तसाच असायचा.

तिकिटाला हो म्हणायचं की नाही, ते तू ठरव. मला विचारशील तर तू जावंस. पण पक्षाला उत्तर द्यायच्या आधी एकदा रविवारी येऊन जा. येताना गेल्या दोन वर्षांचे सगळे अंक बांधून आण आणि बातम्यांच्या फायलीही आण. ज्या बातमीला कागद आहे तिच्यावर निळी खूण, जिला नाही तिच्यावर लाल, असं आपण दोघं बसून लावू. लाल खुणांचं काय करायचं ते त्यानंतर बोलू. जेवायला थांब, तुझ्या काकूनं सांगून ठेवलंय.

तुझा,
अण्णा